नऊ नंबरची खोली

म्हातारपणाची सोय करावी तर मावशींनी. एकतीस वर्षं त्यांनी वृद्धाश्रमात आयाची नोकरी केली आणि त्यातली वीस तरी स्वतःसाठी खोली हेरण्यात घालवली. चार नंबरला स्वयंपाकघराचा धूर. सहा नंबर जिन्याशेजारी, म्हणजे दिवसभर धाडधाड. नऊ नंबर मात्र फक्कड: सकाळचं ऊन, दारासमोर व्हरांड्यातली खुर्ची आणि संडास सात पावलांवर. पावलं त्यांनी स्वतः मोजली होती, तीही मुद्दाम म्हातारीसारखी छोटी छोटी टाकून.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि भाच्याच्या दारात जाऊन पडण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. अनामत वेळेत भरली, छोटा रेडिओ घेतला, मऊ उशी शिवून ठेवली. हाताखालच्या मुलींना त्या दम द्यायच्या, "मी राहायला आले ना, की नुसते हुकूम सोडणार. पळवून पळवून दमवते की नाही बघा!" मुली खिदळायच्या. त्यातल्या प्रत्येकीला मावशींनीच तयार केलं होतं.

आणि नवल म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सत्तरीला नोकरी सुटली आणि मावशी नऊ नंबरमध्ये राहायला आल्या. पहिल्या दिवशी मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या आठवड्यात एकीने सहज हाक मारली, "आजी!" कोणत्या आजी आल्या म्हणून मावशींनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. महिन्याभरात सगळ्याच तशी हाक मारू लागल्या. तिथे राहणारी प्रत्येक बाई आजीच असते, दोष तरी कुणाला देणार? पण मावशींच्या ते फार जिव्हारी लागलं.

मग एक दिवस न्हाणीघरात पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पलंगाला कठडे लागले. रेडिओ खिडकीत राहिला, तिथवर हात पोचेना. एवढी निवडून घेतलेली खोली, आणि आता तिच्यात दिसायचं ते फक्त छत.

एका दुपारी मावशींनी उशाची घंटा वाजवली. लघवीचं भांडं हवं होतं आणि ताबडतोब हवं होतं. आयांची खोली समोरच. कपबश्यांचा आवाज, हसणं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"नऊ नंबर वाजतंय. मी जाऊन येते," नवी मुलगी म्हणाली.

"बस गं, चहा पी आधी," जुनी म्हणाली. "पहिल्या घंटेला उठायचं नाही. सवय लागते त्यांना. खरंच हवं असेल तर परत वाजवतील."

हे कुणी शिकवलं, ते मावशींना कुणी सांगायला नको होतं. शब्द न् शब्द त्यांचाच होता. त्या काही दुष्ट नव्हत्या. बेचाळीस म्हातारे आणि तीन आया. प्रत्येक घंटेला धावल्या असत्या तर पायांचे तुकडे पडले असते. जे परत वाजवायचे त्यांना त्या किरकिरे म्हणायच्या, आणि जे वाजवायचे नाहीत ते शहाणे. त्या शहाण्यांना खरोखरच काही नको होतं का, हे बघायला मावशी कधी गेल्या नव्हत्या.

हात पुन्हा घंटेपर्यंत गेला. समोर पुन्हा हशा पिकला. आता वाजवली तर काय म्हणतील, तेही त्यांना पाठ होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि डोळे मिटले. अंथरूण आधी गरम झालं, मग गार पडलं.

चहा आटोपून जुनी मुलगी आली. पांघरूण उचललं आणि नाक न मुरडता चादर बदलायला घेतली. मुलगी वाईट नव्हती.

"अहो आजी, परत वाजवायची ना घंटा!" ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं झालं तर फार मागे जावं लागलं असतं.

"विसरले गं," त्या म्हणाल्या.