झुल्मिरामावशीचे दोन चमचे

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, आमच्या पोव्हुआच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की आधी झुल्मिरामावशीकडे जायचं, मग पाद्रीबाबांकडे. मावशी जाळी विणायची, मासळी वाळवायची आणि लोकांचे पाय तपासायची. हे तिसरं काम तिला कुणी दिलं नव्हतं. तिची आई आणि भाऊ पावलांच्या दुखण्यानं गेले, तेव्हापासून तिनं ते अंगावर घेतलं. आमच्याकडे हा रोग घराण्यातून उतरतो. बहुतेकांची ऐन तारुण्यात पावलं बधिर होतात, मग बधिरपणा वर चढत जातो आणि माणूस झिजून संपतो. म्हाताऱ्यांनाही कधीकधी उशिरा धरतो. धरला की सोडत नाही.

तपासायची रीत साधी होती. शेगडीच्या राखेत एक लोखंडी चमचा, बादलीत दुसरा. पोरानं डोळे मिटून बसायचं. मावशी चमचा आधी आपल्या बोटांना लावून बघायची, मग त्याच्या तळव्याला टेकवायची. "गरम की गार?" चमच्यांना दुसऱ्या कुणी हात लावला तर अपशकुन. पोराचं चुकलं तर ती अवाक्षर काढायची नाही. दोन्ही चमच्यांवर एप्रन टाकायची. मग मुलीकडचे उठून जायचे.

एकदा पोर्तूहून एक डॉक्टर हा रोग बघायला आला. तिच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं समजावलं, "पाय भाजला की निरोप एका लांब तंतूवरून पाठीच्या कण्यात जातो. तिथूनच हुकूम सुटतो, पाय मागे घे. मेंदूला नंतर कळतं."

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं," मावशी म्हणाली. "आधी उडी, मग अक्कल."

डॉक्टर हसला. स्पर्शाचे तंतू जाड, त्यांच्यावरून निरोप धावत जातो. चटक्याचे बारीक, त्यांच्यावरून तो रमतगमत जातो. या रोगात बारीक तंतू आधी मरतात, म्हणून पायाखाली जमीन लागते पण तिचा चटका लागत नाही. लांबचे आधी जातात, म्हणून पावलं पहिली आणि हात मागाहून.

"औषध?"

"अजून नाही."

"मग सूप प्या. निवतंय."

माझं लग्न तिच्या धाकट्याशी, क्विंतीनोशी ठरलं होतं. लेकाला सूट नाही, असं तिनंच सांगितलं. त्या दिवशी पाऊस होता, मी आणि आई फार उशिरा पोचलो. क्विंतीनो बाकावर डोळे मिटून बसला.

"गुदगुल्या करू नकोस हं, आई."

"गप्प बस, मेल्या. हा कसा?"

"गार."

"आणि हा?"

"हाही गारच."

तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मग तिनं एप्रन सोडला आणि चमच्यांवर टाकला. माझ्या आईनं माझं कोपर धरलं.

क्विंतीनो कॉड मासे पकडायला समुद्रापार न्यूफाउंडलंडला जाणाऱ्या जहाजावर चढला. तिथं एकेका माणसाला एकेक छोटी होडी देऊन धुक्यात सोडतात. शहाणी माणसं जहाजाची घंटा ऐकू येईल इतपतच लांब जातात. हा त्याच्याही पुढे जायचा. "मी कुठं म्हातारा होणार आहे?" असं हसून म्हणायचा, हे त्याच्या सोबत्यांनी येऊन सांगितलं. होडी सापडली होती, तो सापडला नाही. तोवर मी हर्कुलानो बेकरीवाल्याशी लग्न केलं होतं. माणूस चांगला आहे. बातमी आली त्या दिवशीही मी पाव विकले.

पुढच्या हिवाळ्यात मावशी पाव घ्यायला आली. हल्ली ती अडखळत चालायची आणि म्हातारपणावर ढकलायची. तोल सावरायला तिनं भट्टीच्या लोखंडी दारावर हात टेकला आणि सरपणाच्या भावावर बोलत राहिली. मला करपल्याचा वास आला. हर्कुलानो ओरडला, त्यानं तिचा हात ओढून काढला. तळव्याची कातडी दारालाच राहिली होती. ती तळव्याकडे बघत राहिली.

मी तिला मागच्या खोलीत बसवलं आणि हात धुतला.

"त्या दिवशी तुम्ही उशिरा आलात," ती म्हणाली. "शेगडी विझली असेल. चमचा मी बोटांना लावला होता. राखेतला म्हणजे गरमच, असं धरून चालले मी. बोटांना गरम लागला नव्हता गं."

मी मलम लावत होते.

"मग माझा पोर बरा होता?"

जहाज सुटायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चोरून किनाऱ्यावर भेटलो होतो. लाटेत पाय पडताच क्विंतीनो किंचाळून मागे उडाला होता. "बर्फ आहे नुसता!" "गार लागलं ना तुला, मग रोग कसला?" म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडले. आई कधी चुकली आहे का, एवढंच तो म्हणत राहिला. आणि तोवर ती खरंच कधी चुकली नव्हती.

"नव्हता, मावशी," मी म्हणाले. "त्याला दुखणं होतंच. मला ठाऊक होतं."

तिनं मोठा श्वास सोडला. "तेच म्हणते मी. लेकाच्या बाबतीत मी कशी चुकेन?"

मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. मी पट्टी आवळली, फार घट्ट आवळली. तिला कळलं नाही.