मुहूर्ताला तुझा हात नको

"सगळं बंद कर," सर म्हणाले. "मुहूर्ताला माझा भाचा चालू करील. देवाचं काम आहे, तुझा हात नको."

एवढं बोलून त्यांनी कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं. माझी बोटं अजून त्यावरच होती.

पेणच्या रामवाडीतलं सरांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी तिथं नोकरीला. गणपतीच्या पाच कारखान्यांची बुकिंगची अॅप्स, पायथनमधली, एकाच सर्व्हरवर बसवायची होती. ती मी बसवली. पुढे वेब सर्व्हर. गिऱ्हाईक ज्या कारखान्याचा पत्ता टाकेल, त्या कारखान्याच्या अॅपकडे तो त्याला धाडणार. मागे प्रत्येक अॅप वेगळं चालू केलं, एक पडलं तरी बाकीची उभी राहावीत म्हणून. सकाळी सगळं नीट चालत होतं. तेच आता बंद करायचं, कारण ते मी चालू केलं होतं.

मी कासूकडच्या बौद्धवाडीतली. माझी आई पेणच्याच एका कारखान्यात शाडू मळते. तिच्या हातची माती देवाला चालते. माझ्या हातानं दाबलेलं बटण मात्र बाटतं. वा रे तुमचं सोवळं!

मी बंद केलं. हो, केलं. घर माझ्या पगारावर चालत होतं. बाहेर जिन्यात चपलांशेजारी जाऊन बसले. रडू आलं. रागाचं.

आत कारखानदार जमले होते. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या. भाच्यानं पुढचा वेब सर्व्हर तेवढा चालू केला होता. मागची अॅप्सही चालू करावी लागतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. दार सताड उघडं आणि घरात माणूस नाही. पाचही पत्त्यांवर नुसती एरर.

सर दारात आले. घामाघूम.

"ये गं आत. बघ जरा."

"नाय येत."

"अगं, लोक बसलेत!"

"मग त्यांना सांगा, मला बाहेर का बसवलंत. मोठ्यानं सांगा."

सर घाम पुसत राहिले. मग मीच दारात उभी राहून सांगितलं. शब्दन् शब्द. एक कारखानदार मोबाईलमध्ये बघत राहिला, बाकीचे प्रसादाचं खोबरं चघळत राहिले. पासवर्ड सरांकडे होतेच. मी काही लपवलं नाही, काही मोडलं नाही. बॅग उचलली आणि निघाले.

"नोकरी सोडलीस गो?" आईनं विचारलं.

"व्हय."

"आता खायचं काय?"

मी जुना लॅपटॉप उघडला आणि स्वतःची कामं शोधायला बसले.

आज रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत, माझी भाड्याची खोली आहे. माझा सर्व्हर आहे. त्या पाचातले चार कारखाने माझ्याकडे आलेत. ते सुधारले म्हणून नाही. सरांकडे ऐन सीझनला साइट झोपते म्हणून. मी त्यांचं काम चोख करते, पण त्यांच्याशी गोड बोलत नाही.

परवा सरांचा फोन आला. "झालं गेलं गंगेला मिळालं. परत ये."

नाही मिळालं. माझ्या पोटात आहे ते. अजून जळतंय.

लोक म्हणतात, सूड वाईट. ज्यांच्या बोटांवर कधी गोमूत्र पडलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. मी माफ करणार नाही. सरांकडे आता एकच कारखाना उरलाय, भाच्याच्या बापाचा.

तोही मी आणणार आहे.