साडूचे डेपो

माझा साडू अमेरिकेत दातांच्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकतो. त्याचं बालपण कोकणातल्या अशा गावात गेलं, जिथे रेल्वे पोचली तेव्हा तो नोकरीला लागलेला होता. या माणसाला पन्नाशीत रेल्वेचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी तो हायवे सोडून आडरस्त्याला लागतो, मक्याच्या शेतांमधून कुठल्यातरी गावी पोचतो आणि तिथल्या जुन्या स्टेशनासमोर उभा राहून फोटो काढून घेतो. लाकडी, तांबड्या रंगाची, उतरत्या छपराची स्टेशनं. एकात आता वाचनालय आहे, एकात पिझ्झा मिळतो, एकात चार खुर्च्या आणि एक कंदील मांडून म्युझियम केलेलं आहे. फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, 'आजचा डेपो'.

इतपत मी सहन केलं असतं. पण माझे वडील छत्तीस वर्षं रेल्वेत होते, त्यातली बहुतेक स्टेशनमास्तर म्हणून. माझा जन्म रेल्वे क्वार्टरमधला. आमच्या घराण्यात रेल्वेबद्दल बोलायचा हक्क कुणाचा असेल तर तो माझा, असं मी धरून चाललो होतो. यंदाच्या हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे अबुधाबीला आले आणि सकाळी उठल्यावर माझं तोंड बघायच्या आधी साडूचा डेपो बघू लागले.

पहिला फोटो आला तेव्हा ते म्हणाले होते, डेपो एसटीचा असतो. मला बरं वाटलं होतं. मग साडूनं व्हॉइस मेसेज पाठवून त्यांना समजावलं की तिकडे लहान गावच्या स्टेशनाला डेपोच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून बाबाही डेपो म्हणू लागले. लहानपणी मी एकदा फलाटाला ओटा म्हणालो होतो, तर अख्खं जेवण होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं होतं.

साडूला बाबांचे व्हॉइस मेसेज तीन-तीन मिनिटांचे जात. सुरुवात ठरलेली, 'हां, काका बोलतोय', आणि पुढे रूळ, सिग्नल, केबिन. माझ्या वाट्याला दिवसाकाठी दोन वाक्यं येत. जेवलास का, आणि एसी कमी कर.

बायको म्हणाली, हे काय साडूवर जळायचं वय आहे? मी म्हटलं, मग काय तुझ्या भावावर जळू? त्याच आठवड्यात मी ठरवलं की बाबांना आपणही डेपो दाखवायचा. या देशात जुनं स्टेशन सापडणार नव्हतं. इथे माझ्यापेक्षा वयानं लहान इमारतींवर ऐतिहासिक म्हणून पाटी लागते आणि त्या पाटीच्या उद्घाटनाला गालिचा अंथरतात. पण मालगाड्या धावतात, वाळवंटातून लांबवर जातात. म्हणजे त्यांचं यार्ड, शेड, काहीतरी असणारच. त्यासमोर बाबा उभे, बाजूला मी, आणि खाली दोन शब्द, 'आमचा डेपो'. एवढंच मला हवं होतं.

शनिवारी दुपारी निघालो. लेकीनं 'आय हॅव प्लॅन्स' म्हणून अंग काढून घेतलं. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी मॅपवर डेपो असं टाकलं आणि मॅपनं आम्हाला मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या गॅरेजांच्या गल्ल्यांमधून फिरवत एका आवारात नेऊन सोडलं. आत कामगारांना ने-आण करणाऱ्या पन्नासेक बसेस ओळीनं उभ्या होत्या. वॉचमननं विचारलं, कौनसी कंपनी का आदमी चाहिए. बाबा खाली न उतरता म्हणाले, "हा मात्र खरा डेपो."

मग मी मॅप बंद केला आणि रूळ शोधत निघालो. आधी ट्रकचा रस्ता, मग त्याला फुटलेला एक अरुंद डांबरी रस्ता, ज्यावर जागोजागी वाळू चढली होती. एका बाजूला उंटांचे गोठे, दुसऱ्या बाजूला उंच जाळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे रूळ. तासाभरानं एक फाटक लागलं. आत दोन पत्र्याच्या शेड, कंटेनर, चार-पाच मार्गिका. फाटकावर पाटी होती. कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर तांबडी काट.

साडूला पिझ्झाच्या दुकानासमोर फोटो काढता येतो. माझ्या नशिबी हे.

परत फिरावं म्हणत होतो, तेवढ्यात रुळांवरून मालगाडी आली. बाबा खाली उतरले, गळ्याचं बटण लावलं आणि कुंपणापासून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, हात आडवा धरून उभे राहिले. स्टेशनमास्तर जाणाऱ्या प्रत्येक गाडीसमोर असाच उभा राहतो. इंजिनातल्या माणसानं बघितलं की नाही, कळलं नाही. वाघिणी संपेचनात. शेवटची गेली तरी बाबा तिच्या पाठीकडे बघत होते.

"पाटी नाही," ते म्हणाले.

आपल्याकडे गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एलव्ही लिहिलेली पाटी असते. लास्ट व्हेइकल. मास्तरच्या लोकांनी ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं मागच्या स्टेशनाला कळवायचं नाही. पाटी दिसली नाही तर काही डबे मागे सुटलेत असं धरून चालायचं. हे मला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, बाबा, इथे सगळं सेन्सरवर असेल. त्यांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

"हां, काका बोलतोय."

साडूकडे सकाळ होती. दोन मिनिटांत उत्तर आलं. "काका, एलव्ही म्हणजे काय?"

मी मोठ्यानं हसलो. बाबा हसले नाहीत. ते गाडीचं दार उघडं ठेवून सीटवर आडवे बसले आणि सांगू लागले. हातानं हवेत डबा काढला, पाटी काढली, पाटी कुठे टांगतात ते दाखवलं, समोर कुणी नसताना. माझ्यासाठी त्यांचे हात असे कधी हलले नव्हते. मला कसे सांगतील? मला येत होतं ना सगळं. साडूला काहीच येत नव्हतं, आणि त्या बळावर तो बाबांना घेऊन गेला होता.

परतीच्या रस्त्यावर मीही प्रयत्न केला. म्हटलं, बाबा, गाडी यायच्या आधी घंटा का वाजवायचे?

"तुला माहीत नाही? तूच तर हट्ट करून वाजवायचास, मूर्खा."

चार-पाच किलोमीटर मी दुसरा प्रश्न शोधत राहिलो. खरोखर माहीत नसलेलं काही सापडेना. मग विचारलं, "कधी तुमच्यासमोरून पाटी नसलेली गाडी गेली?"

बाबांनी गळ्याचं बटण सोडलं.

"गेली. एकदा. तू चार महिन्यांचा होतास. तुझ्या आईलाही नाही सांगितलं मी." मग एकदम त्यांनी फोन काढला. "थांब. त्यालाही ऐकू दे. त्याला आवडेल."

चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांच्या फोनवरच्या रेंजच्या चारही कांड्या मला माझ्या सीटवरून स्वच्छ दिसत होत्या.

"इथे रेंज नाही, बाबा."

"नाही?"

"नाही."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "बरं. तर मालगाडी होती," ते म्हणाले, "कोळशाची." मी गाडीचा वेग कमी केला.