काझीचाचांनी चिकटवलेलं बटण

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. गाडीच्या डिकीत छत्री, जुनी चप्पल, अर्धी पाण्याची बाटली कशी आपोआप जमत जाते, तसे तेही जमतात. एक दिवस डिकी उघडावी, तर सामान ठेवायला जागाच नाही!

मी जालना रोडवर एका दुकानात काम करते. तिथे वापरलेल्या, पण दांडग्या ताकदीच्या महागड्या गाड्या विकतात. आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच बटणाचे आहेत. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण! चाकं घसरायला लागली की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करतो आणि गाडी सावरतो. बटण दाबलं की हा पहारेकरी रजेवर!

ते बंद करावं की नाही, यावरून आमच्याकडे दोन पार्ट्या. मालक शेळके साहेब म्हणतात, बंद करा, मजा घ्या. टेस्ट ड्राइव्ह देणारे काझीचाचा म्हणतात, हात लावून तर बघा! मी चाचांच्या पार्टीत होते. माझ्या लग्नाच्या सकाळपर्यंत.

*

पैठणकडचे एक ऊसवाले काका गाडी बघायला आले. त्या बटणावर छोट्या गाडीचं चित्र असतं आणि तिच्यामागे नागमोडी रेघा. काकांनी चष्मा लावून ते न्याहाळलं.

"पोरी, ही गाडी पिऊन चाललीय व्हय?"

मी म्हटलं, "नाही काका. गाडी वाकडी जायला लागली की हे तिला सावरतं."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"लई भारी! निस्तं एवढंच मिळंल का? मेहुण्याला बसवायचंय!"

*

पुंडलिकनगरचे एक दातांचे डॉक्टर. बोलणं इतकं मऊ की पेशंटला खुर्चीतच झोप लागावी. पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्यांच्या डोक्यात बसलं होतं, की खरा ड्रायव्हर बटण बंद करतो.

वाळूजच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर आमची एक लाल गाडी. डॉक्टर स्टिअरिंगवर, चाचा शेजारी, मी मागच्या सीटवर. नुकतीच भुरभुर होऊन गेलेली. चाचांनी बाहेर बघितलं तेवढ्यात डॉक्टरांनी बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला.

गाडी गर्रकन फिरली आणि जिकडून आलो होतो तिकडे तोंड करून उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. डॉक्टर मात्र आ वासून समोर बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली.

चाचा अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाब, अब आप मुँह बंद कर सकते!"

*

दुसऱ्या दिवशी चाचांनी चपला चिकटवायची ट्यूब आणली आणि त्या लाल गाडीचं बटण कुणाला दाबताच येऊ नये असं कायमचं चिकटवून टाकलं. शेळके साहेबांचा नुसता तिळपापड!

"चाचा, चारशे घोड्यांची गाडी हाय ही! अन् तुम्ही लगामच चिकटवला?"

"घोडे चारसौ हैं साब. लगाम एकच है!"

*

बजाजनगरच्या एक मॅडम आल्या. कारखान्यात सुपरवायझर. शेळके साहेबांनी त्यांना अर्धा तास ऐकवलं, की पॉवर अशी वापरायची, बटण असं बंद करायचं, वळणावर गाडी अशी नाचवायची. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुम्ही सोताच्या गाडीत बंद ठेवता का?"

साहेब गडबडले. "माझी गाडी मिसेस चालवते. मी मागं बसतो."

"बेल्ट लावून?"

"व्हय!"

*

आता माझं लग्न.

सासर फर्दापूरचं, लग्नही तिथेच. आम्ही बौद्ध, त्यामुळे मुहूर्ताची भानगड नाही. पण माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. अकरा म्हणजे अकरा! ताईच्या लग्नात फोटोग्राफर उशिरा आला, म्हणून तिच्या अल्बमची सुरुवात थेट जेवणावळीपासून आहे. आणि मी तर जन्माची लेट. शाळेत बाबांनीच मला कितीदा फाटकाबाहेर उभं केलंय. या एका दिवशी तरी वेळेवर येईन, असा मी त्यांना शब्द दिला होता. तो मला मनापासून पाळायचा होता.

साहेबांनी कौतुकानं लाल गाडी दिली, चाचा चालवायला. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला. मंडप शंभर पावलांवर दिसत असताना गाडी काळ्या मातीत रुतली. दहा पन्नास!

चाचांनी ॲक्सिलरेटर दाबला की चाकं जरा घसरायची, पहारेकरी लगेच जोर कमी करायचा, आणि गाडी जागच्या जागी हुंकार देऊन गप्प. उतरून चालत गेले असते, पण माझी साडी पांढरीशुभ्र आणि चिखल घोट्याएवढा. इलाज एकच होता. तो चाचांनाही ठाऊक होता, मलाही. दोघंही त्या बटणाकडे बघत होतो.

मी अंबाड्यातला आकडा काढला. "चाचा, डोळे मिटा."

"बेटा, गाडी चला रहा हूँ!"

"गाडी कुठं चाललीय?"

चाचांनी डोळे मिटले. मी आकडा घुसवला. टक्! बटण उडून चाचांच्या मांडीवर पडलं. खालच्या भोकात मी आकडा दाबून धरला. पिवळा दिवा लागला, म्हणजे पहारेकरी रजेवर! तेवढ्यात मंडपातून प्रशांत, म्हणजे नवरदेव, पांढऱ्या कपड्यांत धावत आला आणि मागून गाडी ढकलायला लागला.

"या अल्लाह!" म्हणत चाचांनी पाय दाबला. चाकं गरगरली, चिखल उडाला आणि गाडी सुटून थेट मंडपासमोर!

मी उतरले. साडीवर एक ठिपका नाही. मागून प्रशांत चालत आला. त्याचे फक्त डोळे आणि दात पांढरे होते.

बाबांनी घड्याळ बघितलं. "दहा अठ्ठावन्न. वेळेवर आलीस."

आयुष्यात पहिल्यांदा! मला रडूच फुटलं. बाबांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन मिनिटं आहेत. तोंड तेवढं धुवून या."

लग्न लागल्यावर सगळे स्टेजवर पाकिटं द्यायला आले. चाचाही रांगेत होते. त्यांनी ते बटण रुमालानं स्वच्छ पुसलं, प्रशांतच्या हातात ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

"दामादजी, ये चालूच रखने का!"