छताकडे वळवलेला आरसा

गाडी दौंडच्या बाहेर पडली की आमचे ड्रायव्हर मामा आधी डोक्यावरचा आतला आरसा छताकडे वळवून टाकायचे. मागे बसलेली माणसं त्यात दिसायला नकोत. कुणी नवीन माणसानं कारण विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "मला रस्ता बघायचाय. तुमची तोंडं बघून काय करू?"

तुमच्यापैकी कुणी कंपनीच्या बसनं रोज ये-जा केली असेल, तर वेगळं सांगायला नको. दिवसभरातली खरी बोलणी तिथंच होतात. सासू, सून, सुपरवायझर, कुणाचीही गय नसते. मी रांजणगावच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि रजांच्या कामाला आहे. पारगावला चढते, म्हणून मामांच्या लेखी माझं नावच 'पारगाव'. उतरताना कुणी आतल्या गप्पा बाहेर न्यायला लागलं, की मामा म्हणायचे, "गाडीतलं गाडीत ऱ्हाऊ द्या." मग दार लावून घ्यायचे.

आरसा वर असल्यामुळे ते आम्हाला आवाजावरून ओळखत. मागून कुणी नुसतं खोकलं, तरी यांचं सुरू. "ओ चौफुला, घशाला काय झालं? आइस्क्रीम खाल्लं व्हय?" एकदा आमच्या एचआरच्या साहेबांची मोटार बिघडली आणि ते बसनं आले. पोरांना केवढा उत्साह! एकेकानं आवाज बदलून बोलायचं आणि मामांनी मागं न बघता त्याचा थांबा सांगायचा. एकही चुकला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मामा लाजले आणि उगाचच हॉर्न वाजवला.

बसच्या वेळा कळाव्यात म्हणून आमचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता. माणसं तीच, तेव्हा बोलणीही हळूहळू तिथं आली. मामा स्वतः त्यात "निघालो" एवढंच बोलून पाठवायचे.

न्हावऱ्याहून एक ताई चढायची. कंत्राटावरची, घरात कमावणारी एकटी. तिची पोरगी तापानं फणफणून दवाखान्यात पडली आणि हिला रजा मिळाली नाही. त्या आठवड्यात ऑर्डरची गर्दी म्हणून साहेबांनी सगळ्यांच्याच रजा नाकारल्या होत्या. संध्याकाळी ताईनं ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. रडून घसा बसलेला. "ह्या साहेबाच्या घरात असं कुणी पडलं म्हंजी कळंल त्याला. देव बघून घील."

थोड्या वेळानं शांत झाल्यावर तिनं तो पुसलाही. पण तोवर आमच्यातल्याच कुणीतरी तो पुढं ढकलला होता. कुणी, ते आजही कळलेलं नाही. साहेबांच्या फोनवर नाव पोचलं नाही, नुसता आवाज पोचला.

साहेबांच्या मते ही धमकी होती आणि बोलणारीला काढून टाकायचंच होतं. ग्रुप खासगी आहे असं कुणी म्हटलं, तर बस कंपनीची आहे म्हणाले. आपल्या फोनवर, दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत बोललेलं वाक्य कंपनीचं कसं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. तिचा रजेचा अर्ज मात्र नक्की कंपनीचा होता, तो कुणी ऐकला नाही.

तो बसका आवाज कुणालाच ओळखू येईना. काहींना खरंच येत नव्हता, काहींना येत असून येत नव्हता. मग साहेबांना बसमधला तो खेळ आठवला. त्यांनी मामांना बोलावून घेतलं. केबिन आणि माझं टेबल यांच्यामध्ये नुसती काच आहे. साहेबांनी फोन पुढं ठेवला आणि मेसेज लावला.

"बोला मामा, कोण आहे ही?"

मामांनी कानामागं हात धरला. "काय म्हनला, साहेब?"

"आवाज कुणाचा आहे?"

"जरा मोठ्यानं बोला. हल्ली ऐकू येत न्हाई मला."

साहेबांनी आवाज वाढवला. ताईचं रडणं काचेतून मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. मामा मात्र ओशाळं हसत मान हलवत राहिले. "लई दिवस झालं, साहेब. कमीच येतंय."

नुसतं 'ओळखत नाही' म्हणाले असते, तर टाळ्या वाजवलेल्या साहेबांना ते पटलं नसतं. म्हणून या माणसानं आपले कानच काढून ठेवले.

ताईची नोकरी राहिली. मामांची लगेच गेली. बहिऱ्या ड्रायव्हरच्या हातात भरलेली बस कोण देईल? बसच्या ठेकेदारानं सांगितलं, कान तपासून डॉक्टरचा दाखला आणा, परत घेतो. मामा "व्हय" म्हणाले आणि कधीच गेले नाहीत. कान चांगले निघाले असते, तर साहेबांनी त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत बसवून तोच आवाज ऐकवला असता. गाडी हे त्या माणसाचं सगळं आयुष्य होतं. मला आजही वाईट वाटतं आणि रागही येतो.

आता बसवर नवीन ड्रायव्हर आहे. आरसा सरळ असतो आणि आम्ही सगळे कानात इयरफोन घालून गप्प बसतो.

परवा ताई आणि मी न्हावऱ्याच्या बाजारात गेलो होतो. एक जण आमच्याकडं पाठ करून पोत्यातून मेथीच्या जुड्या काढत होता. मी सहज विचारलं, "मेथी कशी दिली?"

"पारगाव! आज सुट्टी काय?" मान न वळवताच तो म्हणाला.

मामा! ताई पुढं झाली. तिचे डोळे भरून आले होते. "मामा, तुमच्यामुळं माझी..."

मामा वळले आणि त्यांनी घाईघाईनं कानामागं हात धरला. "काय म्हनताय, ताई? मला ऐकू येत न्हाई."

तिनं पुन्हा तोंड उघडलं, तशी त्यांनी तिच्या पिशवीत दोन जुड्या कोंबल्या. मग आणखी एक वर ठेवली.

"ही पोरीला," म्हणाले. "आता बरी हाय न्हवं?"