अक्कांची शपथ मोडली तेव्हा

अक्का गेल्याचा निरोप नरडाण्याहून आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. माझी थोरली जाऊ. वयानं पंधरा वर्षांनी मोठी. झोपेतच गेल्या, शांतपणे. मला मात्र आठवली ती धुळ्याची सकाळ, आठ-दहा वर्षांपूर्वीची...

तेव्हा अक्कांना तीन दिवस ताप होता. मांडीवर, अगदी अवघड जागी गळू झालेलं आणि साखरेचा आजार जुना. फक्त मला दाखवलं आणि म्हणाल्या, "कोनले सांगू नको. तुले मनी शपथ शे." चौथ्या दिवशी उजवा डोळा लालबुंद झाला, त्यातून दिसेना. घरातले म्हणाले, डोळे आलेत. पण डावा डोळा तर स्वच्छ होता, आणि अक्का वेदनेनं भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. मिळाली ती एसटी धरून मी त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "अंगावर कुठे जखम, गळू?" अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

"बाई, डोळ्याच्या आत पू होतोय, आणि तो रक्तातून आलाय. मूळ सापडलं नाही तर डोळाच काय, जीवही जाईल."

अक्कांनी माझा हात घट्ट दाबला... मी शपथ मोडली.

त्याच दिवशी गळू फोडलं. शिरेतून औषध, डोळ्यातही इंजेक्शन. अक्का आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचा डावा डोळा झाकून बोटं समोर धरली.

"तीन," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आनि हाई रडी राह्यनी!" आणि खळखळून हसल्या.

नजर पुरती परतली नाही, पण अक्का मात्र बदलल्या. गावात कुणी बाई तापानं पडली की पुरुषांना बाहेर काढून तिच्याजवळ बसायच्या आणि लपवलेलं दुखणं विचारायच्या. "कोठे दपाडेल शे, सांग. डोया गया ते लाज देखी कोन?" कितीजणी वेळेवर दवाखान्यात पोचल्या!

परवा त्यांच्या घरी गेले. ओसरीवर माणसं बसली होती. शेजारची बाळंतीण सून तापानं फणफणलेली, तान्ह्याला घेऊन आली आणि छातीवर हात ठेवून, सगळ्यांदेखत तिथे बसलेल्या सासऱ्यांना म्हणाली, "आबा, मना थानमा पू व्हयेल शे. दवाखानामा लई चला."

आबांनी मान खाली घातली नाही. उठले, पायात चपला सरकवल्या आणि जीप बोलवायला निघाले.