वीज आल्यावरचा थांबा

माझा भागीदार गेला, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत त्याचं काम अजून चालूच आहे. याची मला भीतीही वाटते आणि आधारही.

आम्ही दोघं टॉवेलचे माग चालवणाऱ्या संगणकाच्या पेट्यांसाठी लिनक्स या प्रणालीचं एक छोटं वितरण, म्हणजे गरजेप्रमाणे बांधलेली आवृत्ती, तयार करायचो. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो साऱ्या जगाचा. सोलापुरातल्या जुन्या मागांचं रडगाणं तिथे कोण ऐकणार? म्हणून आपल्या गिऱ्हाइकाला जे लागतं त्याचं ठिगळ, म्हणजे पॅच, वितरणवाले आपणच लावतात. नवा कर्नल आला की तेच ठिगळ उसवून पुन्हा बसवायचं.

त्याचं एक ठिगळ होतं. गेलेली वीज परत आली की पेटीने माग लगेच सुरू करू नये, थोडा वेळ थांबावं. कर्नलवाल्यांनी ते परत पाठवलं. यंत्राला याची गरज नाही, म्हणाले. तेही काही खोटं नव्हतं.

तो गेल्यानंतर आलेल्या नव्या कर्नलवर ते ठिगळ काही केल्या बसेना. मी वैतागले. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. शेवटी ते वगळलं आणि एका कारखान्यात चाचणीला गेले.

मागावर नेहमीचे मामा होते, घरी तेलुगू बोलणारे, जुने विणकर. वीज गेली, अंधार झाला. दिवा परत लागला तसे मामा सवयीने वाकले आणि तुटलेला धागा शोधायला त्यांनी ताण्यात, उभ्या धाग्यांमध्ये, हात घातला. त्याच क्षणी माग सुरू झाला. मी खटक्यापाशीच उभी होते म्हणून बरं, झटकन तो बंद केला. माग थांबला तेव्हा धागे ठोकणारी फणी त्यांच्या बोटांना टेकली होती.

मामांनी हात बाहेर काढला. मग म्हणाले, "लाईट आल्यावर थांबतंय की ओ ताई हे. तुमच्या सायबांनी हितंच उभं राहून इचारलं होतं, मामा, गाठ मारायला किती येळ लागतो तुमाला?"

मला हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

आता नवा कर्नल आला की कितीही उसवावं लागलं तरी मी आधी ते ठिगळ बसवते आणि मामांच्या मागावर वीज घालवून बघते. दिवा लागतो, मामा वाकतात, माग गप्प उभा राहतो. तेवढा वेळ माझा भागीदार माझ्या पाठीशी उभा असतो. मामांचे हात बाहेर येईपर्यंत मी वळून बघत नाही.